छडीचं वय

मोत्या आमच्या घरी आला तेव्हा तो नऊ आठवड्यांचा होता आणि मी सेहेचाळीस वर्षांचा. दोघांनाही वळण नाही, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत होतं. पैकी माझ्या बाबतीत मुदत टळून गेलेली असल्यामुळे तिने सारं लक्ष मोत्याकडे वळवलं आणि त्याला वळण लावायचं काम माझ्याकडे सोपवलं. बँकेतही हीच पद्धत आहे. लक्ष वरचे ठेवतात, काम खालचे करतात.

मोत्या आला तो जुलैच्या पावसात. सोसायटीतल्या स्कूटरांच्या रांगेखाली कुडकुडत बसला होता, तिथून कन्येने त्याला दप्तरातून वर आणला. "बाबा, पाऊस थांबेपर्यंतच हं!" असा तोंडी करार झाला. पाऊस ऑक्टोबरात थांबला. मोत्या जुलैतच थांबला होता.

नावावरून घरात दोन तट पडले. चिरंजीवांना 'मॅक्सिमस' हवं होतं, कन्येला 'कॅरॅमल'. मतदान होईपर्यंत आमच्या आईने त्याला "मोत्या, ये रे" म्हणून भाकरीचा तुकडा दाखवला आणि तो गेला. ज्याच्या हातात भाकरी, त्याने ठेवलेलं नाव चालतं, हा जगाचा नियम आहे. चिरंजीवांना तो अजून मान्य नाही. पण नोकरीला लागल्यावर होईल.

पहिले पंधरा दिवस कौतुकात गेले. सोळाव्या दिवशी संध्याकाळी साडेसातला मी बँकेतून घरी आलो, तर दारात माझ्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा पडला होता. नुसता अंगठा. उरलेली चप्पल कुठे आहे याचा तपास चालू असतानाच वरच्या मजल्यावरचे अण्णा जिन्यात भेटले. अण्णांनी आयुष्यात कधी कुत्रं पाळलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या मतात अनुभवाची भेसळ नव्हती.

"साहेब, आत्ताच धाक बसवा," अण्णा म्हणाले. "कुत्रा म्हणजे मुळात लांडगा. घरात मालक कोण ते आज दाखवलं नाहीत, तर उद्या डोक्यावर बसेल. हाताने मारू नका, वर्तमानपत्राची गुंडाळी करा. लागत नाही, पण आवाज होतो."

मी गुंडाळी केली. रविवारचा अंक होता, पुरवण्यांसकट. मोत्या त्या वेळी आईच्या पायाशी शहाण्यासारखा झोपला होता. मी त्याला उठवला, चपलेचा अंगठा त्याच्या नाकासमोर धरला आणि एक फटका दिला. अण्णा म्हणाले ते खरं होतं, आवाज झाला. पहिला गुंडाळीचा. दुसरा मोत्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बसलो आणि वर्तमानपत्र उघडलं. पानं खसखसली मात्र, मोत्या पलंगाखाली. संध्याकाळी मी कुलपाला किल्ली लावली, तर मोत्याने जागच्या जागी पाणी सोडलं. चपला खाणं त्याने थांबवलं नव्हतं. फक्त मी घरात असताना थांबवलं होतं. म्हणजे मी शिकवायला गेलो चपलेबद्दल आणि तो शिकला वर्तमानपत्राबद्दल आणि माझ्याबद्दल. फटका एकाच्या नावावर टाकला आणि जमा भलत्याच खात्यात झाला.

बँकेत असं झालं, की आम्ही जुनी परिपत्रकं काढतो. या बाबतीत पूर्वी काय धोरण होतं, कोणी बदललं, का बदललं. मी कॉमर्सचा पदवीधर; इतिहासाशी माझा संबंध दहावीनंतर तुटला होता. पण दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता जे हाती लागेल ते वाचत गेलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. कुत्र्याच्या पिल्लाला केव्हा आणि कसं रागवावं या विषयावर माणूस गेली अडीच हजार वर्षं परिपत्रकं काढतो आहे. एवढी परिपत्रकं आमच्या मुख्य कचेरीनेही काढली नसतील.

पहिलं परिपत्रक ग्रीसमधलं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेलेला झेनोफन हा सॉक्रेटिसाचा शिष्य आणि पेशाने शिपाईगडी. घोडा, घरसंसार आणि शिकार या तिन्ही विषयांवर त्याच्या नावावर पुस्तकं आहेत. शिकारीच्या पुस्तकात तो म्हणतो की कुत्र्याचं नाव आखूड असावं, म्हणजे हाक मारायला सोपं. एवढं सांगून न थांबता त्याने ४७ नावांची यादीच दिली आहे. आणि वयाचं बंधन घातलं आहे : कुत्री आठ महिन्यांची आणि कुत्रा दहा महिन्यांचा झाला, की मग शिकारीला न्यायला सुरुवात करावी. मादी आधी शहाणी होते हे ग्रीकांना तेव्हाच माहीत होतं. सौभाग्यवतींना हा भाग मी वाचून दाखवला नाही.

दुसरं परिपत्रक रोमचं. पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या गृहस्थाने शेतीवर बारा खंड लिहिले. त्यात कुत्र्यांवर जे लिहिलंय ते वाचून मी डब्यातली भाजी विसरलो. राखणीचा कुत्रा काळा असावा, म्हणजे दिवसा चोराला त्याची भीती वाटते आणि रात्री तो चोराला दिसत नाही. नाव फार लांब नको. पण दोन अक्षरांहून लहानही नको. आता बघा : मोत्या, वाघ्या, खंड्या, टिप्या. आपल्याकडच्या गावोगावच्या आज्यांनी कोलुमेला वाचला नव्हता, तरी एकीचंही नाव नियमाबाहेर जात नाही. मॅक्सिमस मात्र जातं, आणि तेही लॅटिन असून.

याच कोलुमेलाने पिल्लांबद्दल लिहिलंय की सहा महिन्यांची होऊन अंगाने भरेपर्यंत त्यांना मोकळं सोडू नये. सोडलंच तर आईजवळ, खेळायला आणि दंगा करायला. साखळी त्यानंतर. दिवसा बांधावं, रात्री सोडावं. पहिले सहा महिने पिल्लाच्या खात्यावर फक्त खेळ. हाच माणूस चाळीस दिवसांच्या पिल्लाचं शेपूट दातांनी तोडावं असंही सांगतो, म्हणजे म्हणे कुत्रं पिसाळत नाही. तेव्हा त्याला अगदीच हळवा समजायचं कारण नाही. पण लहानपण हे खेळण्यासाठी असतं एवढी समज त्या दातांमागच्या डोक्यात होती.

मधली हजार-तेराशे वर्षं मी ओलांडतो. चौदाव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये, पिरेनीज डोंगराच्या पायथ्याशी, गॅस्टन फेबुस नावाचा फ्वा परगण्याचा मोठा सरदार होता. १३८७ साली त्याने शिकारीवर ग्रंथ लिहायला घेतला. कुत्र्यांच्या पागेची व्यवस्था वाचून आपण कुत्रा का झालो नाही असं वाटतं. रोज सकाळी झाडलोट, खाली ताजं गवत, रात्री सोबतीला माणूस. हा सोबतीचा माणूस म्हणजे एक पोरगा. त्याला सातव्या वर्षी कामाला लावावा, त्याने कुत्र्यांजवळच झोपावं, त्यांची नावं आणि रंग पाठ करावेत. आणि त्याला शिस्त कशी लावायची? तर आज्ञा चुकण्याची चांगली धास्ती बसेपर्यंत धन्याने त्याला मारावं.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मार कुत्र्याला नव्हे, पोराला. कुत्रं महाग होतं, पोरगा स्वस्त. आणि या सरदाराच्या हातून १३८० साली रागाच्या भरात त्याचा स्वतःचा एकुलता एक औरस मुलगा गेला, असं फ्रोइसार नावाच्या त्या काळच्या बखरकाराने लिहून ठेवलंय. त्या दिवशी दुपारची सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. पण मी डबा बंद केला आणि खिडकीवर जाऊन बसलो.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या शिकारी कुत्र्यांच्या शिक्षणाला 'डॉग ब्रेकिंग' म्हणत. 'ब्रेकिंग' म्हणजे मोडणं. बशी मोडते तसं. हे काम शिकारखान्यातले नोकर चाबकाने करीत. १८४८ साली हचिन्सन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने याच नावाचं पुस्तक लिहिलं, पण आतला मजकूर पाटीला न शोभणारा निघाला. त्याचं म्हणणं, पहिले धडे शिकारीच्या रानात कशाला? घरात द्या, शांतपणे द्या, हाताच्या खुणांनी द्या, बरोबर केलं की खाऊ द्या आणि चाबूक शक्यतो खुंटीला ठेवा. पुढे १८८२ साली अमेरिकेत हॅमंड नावाच्या संपादकाने पाटीही बदलली. त्याच्या पुस्तकाच्या नावातच होतं : शिकवणं विरुद्ध मोडणं. कुत्र्याने नीट केलं की मांसाचा तुकडा आणि शाबासकी, एवढं त्याचं मुख्य भांडवल.

इथे खरं म्हणजे प्रश्न सुटायला हवा होता. पण धोरण सुटसुटीत झालं, की ते बदलणारा वरिष्ठ येतोच. १९०६ साली जर्मनीत सारब्रुकेन इथल्या पोलीस खात्यात कॉनराड मोस्ट यांनी कुत्रे शिकवायला घेतले आणि १९१० साली आपलं पुस्तक काढलं. त्यात छडी आहे, आतून काटे असलेला पट्टा आहे, सक्ती आहे. लष्करी आणि पोलिसी कुत्र्यांच्या शाळांवर या पुस्तकाची छाप कित्येक दशकं राहिली. तरी मोस्ट यांना नुसते मारकुटे मास्तर म्हणून निकालात काढता येत नाही. त्यांनी एक गोष्ट अगदी बँकवाल्याला पटेल अशी सांगितली : कुत्र्याला बरं-वाईट, पाप-पुण्य कळत नाही; त्याला फक्त कशापाठोपाठ काय आलं तेवढं कळतं. म्हणून बक्षीस असो की शिक्षा, ती त्याच क्षणी पडली पाहिजे.

म्हणजे मुदतीचा प्रश्न आला. आपल्याकडे चेक तीन महिन्यांनी शिळा होतो. पिल्लाच्या गुन्ह्याची मुदत एक-दोन सेकंद. चप्पल दुपारी दोनला खाल्ली आणि फटका साडेसातला पडला, तर तो चेक वटतच नाही. किंवा वटतो, पण त्या घडीला पिल्लू जे करत असेल त्याच्या नावावर. मोत्या त्या घडीला आईच्या पायाशी शहाण्यासारखा झोपला होता. मी त्याला शहाण्यासारखं झोपल्याबद्दल मारलं होतं.

"पण त्याला कळत होतं साहेब! चेहरा बघायचा होता त्याचा, चोरासारखा!" असं अण्णा म्हणाले. या चोरासारख्या चेहऱ्याचीसुद्धा अमेरिकेत तपासणी झाली आहे. अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याला खाऊ खायची मनाई करून मालकाने खोलीबाहेर जायचं. कधी कुत्रा खाऊ खायचा, कधी नाही. पण बाहेर मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. निष्कर्ष असा निघाला की चोरासारखा चेहरा चोरीवर अवलंबून नव्हता, मालकाच्या ओरडण्यावर होता. काही न खाता बोलणी बसलेल्या कुत्र्यांचा चेहराही तसाच. उलट थोडा जास्तच. निरपराध माणूस साहेबांच्या केबिनमध्ये गेला, की त्याचा जसा होतो.

पहिल्या महायुद्धात मोस्ट यांच्या छडीची उलट बाजू दिसली. इंग्रजांनी १९१७ साली शूबरीनेस इथे युद्धकुत्र्यांची शाळा काढली, तिचे प्रमुख कर्नल रिचर्डसन. त्यांचे कुत्रे निरोप्याचं काम करीत. सांभाळणारा माणूस मागच्या तळावर आणि कुत्रा पुढच्या खंदकात. तिथून गळ्यात चिठ्ठी घेऊन, तोफांच्या माऱ्यातून, चिखलातून, एकट्याने पळत मागे यायचं. वाटेत हिसका द्यायला कोणी नाही, छडी उगारायला कोणी नाही. रिचर्डसन यांचा सगळा भर मायेवर आणि खाऊवर होता, आणि तो हळवेपणा नव्हता, हिशोब होता. धाकाची लांबी हाताएवढी. हात संपला की धाक संपला. तीन मैलांवरून जो परत येतो, तो ज्याच्याकडे यायचंय त्याच्या ओढीने येतो.

हे वाचलं त्या संध्याकाळी मी घराच्या कुलपाला किल्ली लावली आणि दाराआड पाणी सोडल्याचा बारीक आवाज ऐकला. माझ्याकडे यायला मोत्याला तीन मैल नव्हे, तीन फूट होते. तेवढेही तो आला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरोघरी कुत्रे आले आणि त्यांच्या शाळा निघाल्या. १९६२ साली विल्यम कोहलर यांचं पुस्तक आलं आणि धो धो खपलं. हे गृहस्थ युद्धात लष्कराचे कुत्रे शिकवीत आणि पुढे डिस्नेच्या चित्रपटांतले. बागेत खड्डा खणणाऱ्या कुत्र्यावर त्यांचा उपाय असा : तोच खड्डा पाण्याने भरा आणि कुत्र्याचं डोकं त्यात बुडवा. अण्णांना हा उपाय सांगितला तेव्हा तेसुद्धा दोन मिनिटं गप्प बसले.

त्या काळच्या बहुतेक शाळांचा एक नियम होता : सहा महिन्यांखालचं पिल्लू दाखल करणार नाही. वाटतं, बघा, कोलुमेलाच्या वेळचीच समज! पण कारण वेगळं होतं. गळ्यात साखळीचा पट्टा घालून हिसका द्यायचा, ही शिकवायची मुख्य रीत. आणि तो हिसका सोसायला मान तेवढी घट्ट व्हायला हवी. म्हणजे शिक्षणाचं वय पिल्लावरून ठरलेलं नव्हतं. ते छडीवरून ठरलं होतं. शिकण्याचं वय केव्हा येतं हे कोणी विचारलंच नाही; मार खाण्याचं वय केव्हा येतं तेवढं पाहिलं. मला आमच्या गावची शाळा आठवली. तिथेही पहिलीत छडी नव्हती. दुसरीत हात पुरेसा मोठा झाला, की मग होती.

आणि गंमत अशी की ज्या सहा महिन्यांत शाळेचं दार बंद असे, त्याच सहा महिन्यांत सगळा व्यवहार उरकलेला असायचा. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथे स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं की पिल्लाची जगाशी ओळख व्हायची खरी वेळ म्हणजे साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत. माणूस कोण, आवाज कसले, कोणाला भ्यायचं आणि कोणाला नाही, ही खाती त्या दिवसांत उघडतात. १९६१ साली त्याच प्रयोगशाळेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. पिल्लांना त्यांच्या आईसह कुंपणाच्या शेतात ठेवलं, माणसाचा संबंध येऊ दिला नाही. मग काहींना दुसऱ्या आठवड्यात, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात आठवडाभर माणसांत आणलं. जी चौदा आठवड्यांपर्यंत एकदाही माणसांत आली नव्हती ती रानटी जनावरासारखी झाली, नंतर कितीही माया करून फारसा उपयोग झाला नाही.

मी बोटांवर हिशोब केला. मोत्या नऊ आठवड्यांचा असताना आला, सोळाव्या दिवशी फटका. म्हणजे अकरा आठवडे. काऊंटर बंद व्हायला एक आठवडा राहिला असताना मी भीतीचं खातं उघडून दिलं होतं.

आता राहिला अण्णांचा लांडगा. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण छापलं : सारखी मारामारी, जो जिंकेल तो म्होरक्या. डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकातून हा म्होरक्या जगभर गेला, आणि मग कुत्र्यांच्या मास्तरांनी तो घराघरांत आणला. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातले साधू कुत्रे पाळतात. त्यांनी १९७८ सालच्या पुस्तकात पिल्लाला उताणं पाडून दाबून धरावं, म्हणजे मालक कोण ते कळतं, असं सांगितलं. पण बाझलचे ते लांडगे म्हणजे पिंजऱ्यात एकत्र कोंडलेली कळपाबाहेरची जनावरं. त्यांच्यावरून लांडग्याचा स्वभाव ठरवणं म्हणजे सकाळी आठच्या लोकलचा डबा बघून मराठी कुटुंबव्यवस्थेवर प्रबंध लिहिण्यासारखं. मेक यांनी पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि पोरं. म्होरक्या म्हणजे बाप. साधूंनीही २००२ सालच्या आवृत्तीत उताणं पाडणं मागे घेतलं. चूक कबूल करून परिपत्रक मागे घेणारे मठात सापडतात, याची मी आमच्या खात्याच्या वतीने नोंद घेतली.

शाळेचं दार पिल्लांसाठी उघडलं ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. इयन डनबार हे मूळचे इंग्लंडचे जनावरांचे डॉक्टर, कॅलिफोर्नियात राहायचे. त्यांनी लहान पिल्लांचे वर्ग काढले. गळ्यात साखळी नाही, एकमेकांशी खेळायचं, चावताना किती जोर लावायचा ते खेळात शिकायचं आणि खाऊ मिळवायचा. म्हणजे पुन्हा कोलुमेला! फक्त शेपूट तोडणं वगळून. १९०० वर्षांचा फेरा घालून माणूस पिल्लाला खेळू द्यावं या निर्णयावर आला.

आज जाणकार जे सांगतात ते थोडक्यात असं. तीन महिन्यांच्या पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात, म्हणून ते चावणार. ही गुन्हेगारी नव्हे, दंतवैद्यक आहे. चप्पल उचलून ठेवणं हे आपलं काम. तोंडात दुसरं काही चावायला देणं हेही आपलं. लघवी ढोबळ हिशोबाने जितके महिने तितके तास धरवते, त्यापुढची जबाबदारी बाहेर नेणाऱ्याची. जोरात चावलं की खेळ थांबवायचा, उठून जायचं, मिनिटाभराने परत यायचं. त्या वयाला एवढी शिक्षा भरपूर होते. सहा महिन्यांनंतर ते वयात येतं, शिकलेलं विसरल्यासारखं करतं. तेव्हा धडा पुन्हा पहिल्यापासून, आवाज न चढवता. घरात तेरा वर्षांचे चिरंजीव असल्यामुळे हा भाग मला लगेच कळला.

मी घरी येऊन आईला हे सगळं सांगितलं. ग्रीस, रोम, फ्रान्स, जर्मनी. आई तांदूळ निवडत होती. मोत्या समोर बसला होता. तो बसला तसा तिने न बघता भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात दिला. तो उड्या मारायला लागला, की तिचा हात सुपातच. बसला, की तुकडा. हॅमंडचं सगळं पुस्तक त्या सुपात चाललेलं होतं.

"तुझे बाबा असंच करायचे," आई म्हणाली.

"असंच म्हणजे?"

"संध्याकाळी येऊन सकाळचं मारायचे."

मला घड्याळाची काच आठवली. दुसरीत होतो. सकाळी आठला माझ्या हातून भिंतीवरच्या घड्याळाची काच फुटली. त्यानंतर मी शाळेत गेलो, पाढे म्हणून दाखवले, एका पोराला पेन्सिल दिली, घरी आलो, परवचा म्हटली. सव्वासहाला बाबांची सायकल वाजली. साडेसहाला मी कधी नव्हे तो न सांगता दुधाचा पेला तोंडाला लावला होता, तेव्हा फूटपट्टी पडली. काचेचं मी विसरूनही गेलो होतो. नंतर बरेच दिवस सायकलची घंटा ऐकली, की मी पेला ठेवून गाद्यांच्या घडीमागे जायचो. मी दुधाला का भितो हे घरात कोणाला कळेना. डॉक्टरांना विचारून झालं.

बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. ते मारकुटे नव्हते. दमलेले होते.

"सांगत मीच होते ना," आई तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाली. "ते कचेरीतून यायचे आणि मी दिवसभराची यादी वाचायचे. त्यांना तरी काय ठाऊक, तू काय केलंस आणि का केलंस. एकदा तू पेला टाकून पळालास. दूध पुसता पुसता वाटलं, हे कोणासाठी चाललंय? मग मी सांगायचं सोडून दिलं."

मला इतकी वर्षं वाटत होतं की तिसरीपासून मी सुधारलो.

त्या दिवसापासून मी सकाळी वर्तमानपत्राच्या घडीत भाकरीचे तुकडे ठेवू लागलो. आधी पत्र जमिनीवर, मी लांब. मग पत्र उघडं. मग पत्र हातात. मोत्याला पलंगाखाली जायला एक सेकंद लागला होता; बाहेर यायला एकवीस दिवस लागले. आता पानं खसखसली, की तो येऊन अग्रलेखावर बसतो. अग्रलेखाचं फारसं नुकसान होत नाही. किल्लीच्या आवाजाला पाणी सोडणं मात्र अजून पुरतं गेलेलं नाही. महिन्यातून एखाद वेळी होतं. मी दारातून तोंड फिरवून आत जातो आणि काही दिसलं नाही असं करतो.

काल घरी आलो तर फरशी ओली होती. फिनेलचा वास येत होता. पोछा गॅलरीत वाळत होता, संध्याकाळी साडेसातला.

"काय केलं आज यानं?" मी विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली. "शहाण्यासारखा होता."

मोत्याने शेपूट हलवलं. बँकेत नोंद नसलेला व्यवहार मी एक दिवस खपवून घेत नाही. मी चपला कपाटात ठेवल्या आणि हात-पाय धुवायला गेलो.